हत्ती कुणाच्या दारात झुलला?

दोस्तहो, डी. एस. कुलकर्णींची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. हापिसाहापिसातले टेलिफोन पुसून त्यांना सुगंध लावणारं पुण्याचं एक पोरगं बिल्डर होतं, धायरीला डीएसके विश्व उभारतं, ‘घराला घरपण देणारी माणसं’ म्हणून पेपरात झळकतं. शिबिरं घेणारे मास्तर आपल्या पोरांना हेच सांगतात. बघा, शून्यातून वर आला. तुम्ही का नाही?

माझा बाप मांजरीत तीस वर्षं बिगारी. घमेली वाहून मान आखडली. एका ठेकेदारानं दोन महिन्यांची हजेरी बुडवली, तर दाद मागायला दार नव्हतं. कुलकर्णी आडनावाच्या पोराला टेलिफोनला हात लावू देतात. माझ्या बापाच्या हातचं पाणी चालत नव्हतं. शून्याशून्यात फरक असतो, मास्तर!

पण फोन पुसणं हे कष्टच. त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे 2009 चं. त्या वर्षी हे बिल्डर पुण्यातून लोकसभेला उभे राहिले. कुणाकडून? बहुजन समाज पक्षाकडून. निळा झेंडा, हत्ती!

आणि कांशीराम घडले कुठं? याच पुण्यात. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत बाबासाहेबांच्या जयंतीची सुट्टी रद्द झाली, दीनाभाना हा चतुर्थ श्रेणीतला कामगार त्याविरुद्ध उभा राहिला, निलंबित झाला, आणि कांशीराम पेटले. 14 एप्रिल 1984 ला पक्ष निघाला. पंचवीस वर्षांनी त्याच पुण्यात त्या पक्षाला दुसरा दीनाभाना सापडला नाही. बिल्डर सापडला.

सोशल इंजिनिअरिंग म्हणे. 2007 ला उत्तर प्रदेशात घोषणा होती, हाथी नहीं गणेश है, ब्रह्मा विष्णु महेश है. 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्यांना आपल्या घरातून बाहेर काढलं, ते सगळे हत्तीच्या पाठीवर बसून परत आले.

माझं मत पुण्यात नव्हतं, आमची मांजरी शिरूर मतदारसंघात. त्यांना साठ हजारांवर मतं पडली, डिपॉझिट गेलं, कलमाडी निवडून आले. त्या मतांतली किती पत्र्याच्या खोल्यांतून आली असतील? त्या खोल्यांना घरपण कोण देणार होतं?

पुढचं पेपरात आलंच. 2017 ला ठेवीदारांच्या तक्रारीवरून गुन्हा, फेब्रुवारी 2018 ला अटक, 2022 ला जामीन. दोष कोर्टानं ठरवावा. पण हजारो ठेवीदार रडले, त्यात पेन्शनीतली म्हातारी माणसं होती, हे खोटं नाही. ड्रीम सिटीचं स्वप्न रखडलं ते फुरसुंगीत, आमच्या शेजारी. जिथं पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं आणून ओतला तेच फुरसुंगी.

आता तर बिल्डरांना आपला झेंडाही लागत नाही. घाटकोपर पूर्वच्या पराग शहांनी 2024 ला 3383 कोटींची मालमत्ता लिहून दिली. 2019 ला ती 500 कोटींच्या घरात होती. आणि पलीकडं मुंढव्यात चाळीस एकर महार वतनाच्या जमिनीचा सौदा 2025 ला चव्हाट्यावर आला. आज्यापणज्यांनी गावकी करून मिळवलेली जमीन, भाव करणारे भलतेच.

मांजरी बुद्रुक 2021 ला महापालिकेत गेली. इथंही कुणीतरी बिल्डर निळा फेटा बांधून येईल, जयभीम म्हणेल. त्याला बसवा, चहा पाजा. मग सातबारा मागा. सर्व्हे नंबर कुठला, वतन कुणाचं होतं, आणि बिगाऱ्याला हजेरी किती देतोस?