विश्लेषण : ग्रीन कार्डाची मुदत संपली, नवे कार्ड येईना... अमेरिकेतील कायदेशीर वास्तव्य सिद्ध कसे करायचे?

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये कुणाला रहिवासी दाखला लागला, तर तो ग्रामपंचायतीत अर्ज करतो. तिथे अर्जदाराला ओळखणारे चार जण तरी असतात. अमेरिकेत तशी सोय नाही. समजा, याच गावातील एखादी मुलगी अमेरिकी नागरिक असलेल्या तरुणाशी लग्न करून न्यू जर्सीला गेली. दोन वर्षांनी तिच्या ग्रीन कार्डावरची तारीख उलटली. अर्ज वेळेत केला होता, पण नवे कार्ड काही आले नाही. इकडे धाकट्या भावाचे लग्न ठरले आणि आईने फोनवर विचारले, ‘‘अगं, तू येशील गं, पण तुला परत जाऊ देतील ना?’’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असे आहे. मात्र त्यासाठी कोणता कागद जवळ हवा, हे नीट माहीत असावे लागते.

दोन वर्षांचेच कार्ड का?

ग्रीन कार्ड म्हटले की दहा वर्षांचे कार्ड डोळ्यांसमोर येते. पण कायम वास्तव्याचा दर्जा मिळतो त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचे मिळते. याला सशर्त कायम वास्तव्य म्हणतात. खोटी लग्ने लावून अमेरिकेत येणाऱ्यांना आळा घालण्यासाठी १० नोव्हेंबर १९८६ रोजी हा कायदा झाला. अशा लग्नांपैकी सुमारे ३० टक्के संशयास्पद आहेत, असे तेव्हा काँग्रेसपुढे सांगण्यात आले होते. ज्या पाहणीवर तो आकडा बेतला होता तिची पद्धतच सदोष असल्याचे पुढे उघड झाले. आकड्याचा आधार गेला, कायदा मात्र कायम राहिला.

इथे एक गल्लत नेहमी होते. एच-१बी व्हिसावर गेलेल्या नवऱ्याला कंपनीमार्फत ग्रीन कार्ड मिळाले आणि त्यासोबत बायकोलाही मिळाले, तर तिच्या कार्डाला ही अट लागत नाही. ही अट लग्नाच्या नात्यावरच मिळालेल्या कार्डाची आहे. पुण्याच्या आयटी कंपन्यांतून गेलेली अनेक जोडपी म्हणूनच या प्रक्रियेत येत नाहीत. अमेरिकेत जन्मलेल्या किंवा तिथले नागरिकत्व घेतलेल्या मराठी मुला-मुलींशी लग्न करून जाणारे मात्र येतात.

नूतनीकरण नव्हे, अट काढणे

बोलीभाषेत सगळे ‘कार्ड रिन्यू करायचे’ म्हणतात, पण कायद्याच्या दृष्टीने या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दहा वर्षांच्या कार्डाची मुदत संपली तर फक्त कार्ड जुने होते, वास्तव्याचा हक्क अबाधित असतो. त्यासाठी आय-९० हा अर्ज असतो. दोन वर्षांच्या कार्डाचे तसे नाही. तिथे मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत पती-पत्नींनी मिळून आय-७५१ हा अर्ज भरायचा असतो. तो भरलाच नाही तर कार्डाबरोबर दर्जाही संपतो आणि प्रकरण हद्दपारीच्या नोटिशीपर्यंत जाऊ शकते. उशिरा आलेला अर्ज सबळ कारण असेल तर स्वीकारला जातो, पण ते कारण पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. १ एप्रिल २०२४ पासून या अर्जाचे शुल्क ७५० डॉलर आहे.

अर्ज वेळेत पोहोचला की निर्णय होईपर्यंत दर्जा चालू राहतो. अडचण येते ती हा चालू असलेला दर्जा समोरच्याला दाखवण्याची. हातातल्या कार्डावर तर मुदत संपल्याची तारीख छापलेली असते.

मग पुरावा कोणता?

अर्ज मिळाल्यावर अमेरिकेची नागरिकत्व व स्थलांतर सेवा, म्हणजे यूएससीआयएस, टपालाने एक पोचपावती पाठवते. तिचे नाव आय-७९७. ही पावती अनेक जण फाइलमध्ये टाकून विसरतात. प्रत्यक्षात पुढची काही वर्षे तोच त्यांचा वास्तव्याचा पुरावा असतो. कार्डाची मुदत इतके महिने वाढवली आहे आणि या काळात नोकरी व प्रवास करता येईल, असे त्यावर लिहिलेले असते. मुदत संपलेले कार्ड आणि ही पावती, दोन्ही एकत्र दाखवली तरच पुरावा पूर्ण होतो. नुसते कार्ड किंवा नुसती पावती चालत नाही.

महिने मोजतानाही चूक होते. वाढीव मुदत पावतीवरच्या तारखेपासून नव्हे, तर कार्डावरच्या अंतिम तारखेपासून मोजायची. कार्ड जून २०२४ मध्ये संपले असेल आणि वाढ ४८ महिन्यांची असेल, तर जून २०२८ पर्यंत निश्चिंत.

हा ४८ महिन्यांचा आकडाच विलंब किती आहे ते सांगतो. जून २०१८ मध्ये ही वाढ १८ महिन्यांची करण्यात आली. सप्टेंबर २०२१ मध्ये ती २४ महिने झाली आणि २५ जानेवारी २०२३ पासून थेट ४८ महिने. दोन वर्षांच्या कार्डाला चार वर्षांची मुदतवाढ! आपले काम वेळेत होणार नाही, याची याहून स्पष्ट कबुली कोणतेही सरकारी कार्यालय देणार नाही. दहा वर्षांच्या कार्डाच्या नूतनीकरणातही सप्टेंबर २०२४ पासून ३६ महिन्यांची वाढ दिली जाते.

पावती हरवली, किंवा ४८ महिनेही उलटून गेले तर? अशा वेळी यूएससीआयएसच्या संपर्क केंद्राला फोन करून पासपोर्टवर आय-५५१ चा शिक्का मागता येतो. पूर्वी त्यासाठी कार्यालयात जावेच लागे. मार्च २०२३ पासून काही प्रकरणांत असा तात्पुरता पुरावा टपालानेही मिळतो. घर बदलले तर नवा पत्ता १० दिवसांत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. हे राहून गेले की पावती, बोटांच्या ठशांचे बोलावणे, मुलाखतीचे पत्र असे सगळे जुन्या पत्त्यावर जात राहते आणि अर्ज फेटाळला गेल्याचे फार उशिरा कळते.

खिशात काय ठेवायचे?

१८ वर्षांवरील परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगावा, हा अमेरिकेतील नियम जुनाच आहे. तो मोडल्यास दंड किंवा ३० दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. वर्षानुवर्षे त्याकडे फारसे कुणी पाहत नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासन पुन्हा आल्यावर या नियमाच्या अंमलबजावणीची भाषा सुरू झाली आणि ११ एप्रिल २०२५ पासून परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे नवे नियम लागू झाले. ग्रीन कार्डधारकांची नोंदणी आधीच झालेली मानली जाते, त्यामुळे त्यांना नव्याने नोंदणी करायची नाही. पुरावा जवळ बाळगण्याचे बंधन मात्र त्यांनाही आहे. मोबाइलमधला फोटो अडीअडचणीला उपयोगी पडतो, पण तो मूळ कागदाची जागा घेत नाही.

नोकरीच्या ठिकाणी जुने कार्ड आणि पावती ही जोडी मान्य आहे. नियमात बसणारी कागदपत्रे दाखवूनही मालकाने ‘नवे कार्डच आणा’ असा हट्ट धरला, तर तो भेदभाव ठरू शकतो. वाहन परवान्याचे काम थोडे किचकट असते. प्रत्येक राज्याचे परवाना खाते केंद्राच्या प्रणालीत दर्जा तपासते आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला ४८ महिन्यांचा नियम माहीत असेलच असे नाही. देशांतर्गत विमान प्रवासासाठी ७ मे २०२५ पासून ‘रिअल आयडी’ची सक्ती झाली, पण तिथे वैध भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो.

नवऱ्याने सहीच केली नाही तर?

आय-७५१ वर दोघांच्या सह्या लागतात. संसार सुरळीत असेल तर हा उपचार आहे. तसा नसेल, तर त्या एका सहीवर बाईचे सारे बस्तान अवलंबून राहते. ‘सही करणार नाही, मग बघ कुठे जातेस ते,’ ही धमकी देणाऱ्यांना कायदा अर्धवटच माहीत असतो. लग्न खरेपणाने केले होते पण घटस्फोट झाला, छळ किंवा मारहाण झाली, किंवा देश सोडावा लागल्यास आत्यंतिक हाल होणार असतील, तर एकटीलाही अर्ज करता येतो. त्याला ९० दिवसांच्या चौकटीचे बंधन नाही. जोडीदाराचा मृत्यू झाला असेल तरीही एकटीचा अर्ज चालतो. हा मार्ग पुरुषांनाही तितकाच खुला आहे. गावी बसलेल्या आईवडिलांनी हे माहीत करून घेतलेले बरे, कारण अशा वेळी पहिला फोन त्यांनाच येतो.

गावाकडचे कोणते कागद लागतात?

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाह नोंदणी होते आणि गावात हे काम ग्रामसेवकाकडे असते. लग्न गावी झाले असेल तर सगळ्याचा पाया हे प्रमाणपत्रच. त्यात नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहे ना, हे तिथल्या तिथे पाहावे. लग्नानंतर मुलीचे मधले नाव आणि आडनाव बदलण्याची आपली पद्धत अमेरिकी कारकुनाला ठाऊक नसते. एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव असले, की तो त्या दोन बायका समजतो.

मात्र आय-७५१ साठी मांडवातले फोटो फार उपयोगी पडत नाहीत. पाचशे पाने जेवली हे सिद्ध करायचे नसते. लग्नानंतर दोघे खरोखर एकत्र राहिले हे दाखवायचे असते. त्यासाठी दोघांच्या नावावरचे बँक खाते, घरभाड्याचा करार, एकत्र भरलेले प्राप्तिकर विवरण, विम्यात वारस म्हणून जोडीदाराचे नाव, मुलांचे जन्मदाखले असे कागद लागतात. पहिल्या दिवसापासून घराची बिले दोघांच्या नावावर ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

नागरिकत्व आधी मिळू शकते का?

मिळू शकते. अमेरिकी नागरिकाची पत्नी किंवा पती म्हणून, दोघांचा एकत्र संसार चालू असेल तर, कायम वास्तव्याच्या तीन वर्षांनंतर नागरिकत्वासाठी एन-४०० हा अर्ज करता येतो. सशर्त काळही त्यात धरला जातो. आय-७५१ प्रलंबित असतानाच तीन वर्षे पूर्ण झाली, तर दोन्ही प्रकरणे एकाच मुलाखतीत निघू शकतात. काहींच्या हाती दहा वर्षांचे कार्ड कधी पडतच नाही, ते थेट नागरिक होतात.

मग भावाच्या लग्नाला यावे का?

यावे. परतताना पहिली तपासणी अमेरिकी अधिकारी करत नाही, मुंबई विमानतळावरचा विमान कंपनीचा कर्मचारी करतो. दोन वर्षांचे मुदतबाह्य कार्ड आणि मुदतवाढीची आय-७९७ पावती असेल, तर अमेरिकी नियमांनुसार कंपनी प्रवाशाला विमानात बसवू शकते. कर्मचारी अडून बसला तर त्याच्या वरिष्ठाला बोलावून पावतीवरचा मजकूर वाचायला द्यावा. त्यासाठी उड्डाणाच्या तीन-चार तास आधी पोहोचणे इष्ट. भारतात असताना कार्ड हरवलेच, तर आय-१३१ए हा अर्ज भरून मुंबईतील अमेरिकी वकिलातीकडून परतीची परवानगी मिळवावी लागते. त्यात दिवस जातात, म्हणून परतीचे तिकीट अगदी शेवटच्या सुट्टीचे काढू नये.

मुक्काम मात्र लांबवू नये. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिल्यास परतताना नव्याने प्रवेश मागितल्यासारखी चौकशी होऊ शकते आणि वर्षभराच्या वर गेल्यास ग्रीन कार्डाच्या आधारे परतणेच अवघड होते. आणि निघताना मूळ कार्ड, मूळ पावती व पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवावेत. लोणच्याच्या बरण्यांसोबत मोठ्या बॅगेत नकोत.