दाद मिळते, पण दार कुठंय?

तुमच्या वर्गात असा एक तरी असेलच. सबमिशन चार दिवसांवर आलेलं असतं आणि हा मागच्या बाकावर मंडी डबवालीच्या जीपची रील्स बघत बसलेला असतो. हरियाणा-पंजाबच्या सीमेवरचं हे गाव जुन्या विलीजच्या धाटणीच्या जीप बांधून देण्यासाठी ओळखलं जातं. रुंद टायर, उघडी बॉडी, पुढं जाडजूड लोखंडी बंपर, वर पाइपांचा पिंजरा. मग कँटीनमध्ये किमतीची चर्चा होते, चौघांनी मिळून घेऊ असं ठरतं, आणि कुणीतरी शहाणा विचारतो, "अरे, पण पासिंगचं काय?" तिथंच सगळं थांबतं.

त्या शहाण्याचा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर मात्र नीट असायला हवं, आणि ते आपल्याकडे नाही. आजचा मुद्दा तोच आहे.

स्वतःच्या हातानं डोंगरात चालणारी गाडी बांधता येते का? येते. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल, भाड्यानं आणलेला पाइप बेंडर, भंगारातून मिळवलेली चॅसी आणि दोन एक्सल, एवढ्यावर काम सुरू होतं. कोल्हापूरचं उद्यमनगर किंवा पिंपरी-चिंचवडची एमआयडीसी जवळ असेल, तर एखादा भाग लेथवर घडवून द्यायला माणूसही मिळतो. पैसा लागतो, पण त्याहून जास्त वेळ लागतो. बांधणं अशक्य नाही. बांधून झाल्यावर ती गाडी अंगणाबाहेर काढणं अशक्य आहे.

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. डिसेंबर २०२१ मध्ये ते वेगळ्याच कारणानं देशभर गाजलं. तिथल्या एका कारागिरानं भंगाराच्या सामानातून, साधारण ६० हजार रुपयांत, मुलाच्या हौसेसाठी छोटी चारचाकी बांधली होती. स्टिअरिंग डावीकडे आणि सुरू करायची ती बाइकसारखी किक मारून! आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ शेअर केला, कौतुक केलं, आणि त्याच बरोबर हेही सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती थांबवली जाईल, तेव्हा बदल्यात मी बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो त्या घरी पोचली. बांधलेली गाडी महिंद्रांच्या संग्रहात गेली.

आपण सगळ्यांनी ते फॉरवर्ड केलं. गोष्ट गोड आहेच, आणि देणाऱ्यानं मोठ्या मनानं दिलं. पण जरा उलट बाजूनं बघा. कारखान्यातून आलेली गाडी रस्त्यावर आली आणि माणसानं हातानं बांधलेली गाडी बघण्याची वस्तू झाली. तिचे ब्रेक किती चांगले आहेत, वेल्ड किती पक्के आहेत, काय बदललं तर ती चालण्याजोगी होईल, हे कुणी तपासलं नाही. कारण तपासून मान्यता द्यायची सोयच नाही. आणि ज्याच्या व्हिडिओवर कुठल्या उद्योगपतीची नजर पडत नाही, त्याच्या वाट्याला फक्त लाइक्स आणि मग चलन.

कायदा काय म्हणतो ते सरळ सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीनं मुळात ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही आली: मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागं' हे शब्द पुन्हा वाचा. चार बदल केले तर वीस हजार.

हे झालं कंपनीच्या गाडीत फेरफार करण्याबद्दल. पूर्ण गाडीच घरी बांधली असेल तर अडचण आणखी मुळाशी आहे, कारण त्या गाडीला 'कंपनी'च नाही. मग तुम्हीच उत्पादक ठरता. आणि उत्पादकानं नमुना गाडी सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यायची, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२६ सांगतो. लाखभर गाड्या विकणाऱ्या कंपनीसाठी आखलेली ती वाट आहे. एकच गाडी, तीही स्वतःपुरती बांधणाऱ्यानं त्या वाटेनं जायचं म्हणजे टपरी टाकण्यासाठी पंचतारांकित हॉटेलचा परवाना मागण्यासारखं आहे.

गंमत बघा. त्या नियमातल्या मान्य संस्थांपैकी तीन आपल्याच राज्यात आहेत. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय, भोसरीला सीआयआरटी आणि नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, संरक्षण खात्याची व्हीआरडीई. तपासणारी माणसं, यंत्रं, ट्रॅक, सगळं इथं आहे.

आता दुसरी बाजू. ती टाळून हा विषय लिहिणं बेजबाबदारपणाचं होईल. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. अशा रस्त्यांवर कुणीही काहीही बांधून आणावं, असं म्हणणाऱ्याच्या मी बाजूचा नाही. रील्समध्ये जे भारी दिसतं त्यातलं बरंच काही खरोखर धोक्याचं असतं, आणि ते का हे समजून घेणं मजेशीरही आहे.

टायरचंच घ्या. २९ इंच व्यासाच्या जागी ३३ इंचाचे बसवले की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते. स्पीडोमीटरला हे माहीत नसतं. तो ६० दाखवतो तेव्हा तुम्ही साधारण ६८नं चाललेले असता. चाक जड झालं, ब्रेक मात्र तेच. गाडी उंच केली की गुरुत्वमध्य वर जातो आणि ती वळणावर कलंडायला सोपी होते. एक्सल खाली गेल्यानं ब्रेकचा होज ताणला जातो, प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बदलतो, स्टिअरिंगचे रॉड तिरके होतात. म्हणजे एक गोष्ट बदलली की तिच्यामागं पाच गोष्टी बदलाव्या लागतात, आणि गल्लीतला मॉडिफिकेशनवाला बऱ्याचदा पहिलीचेच पैसे घेतो. पुढचा तो जाड बंपर? बुल बार. धडकेचा जोर शोषायला गाडीचा पुढचा भाग चुरगळावा अशी रचना असते, एअरबॅगचे सेन्सरही त्याच हिशोबानं लावलेले असतात. मध्ये लोखंड उभं केलं की तो हिशोब बिघडतो आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याची खैर नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं होतं ते उगाच नाही.

आणि तो पाइपांचा पिंजरा. रेसिंगमध्ये रोल केज जीव वाचवतो, कारण चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि तो पट्ट्यांनी सीटला जखडलेला असतो. गावात फिरताना उघड्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पोलादी पाइप असणं म्हणजे किरकोळ धडकेतही कपाळमोक्ष. पिंजरा नळाच्या जीआय पाइपचा असेल तर वेल्डिंग करतानाच त्रास सुरू होतो. त्यावरच्या जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी-ताप भरतो.

तर मग बंदीच बरी का? नाही. कारण हीच गाडी नियमात राहून कशी बांधायची, हे आपल्याच कॉलेजांतली मुलं दरवर्षी दाखवतात. बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा २००७ पासून होते. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी एकाच माणसाची, खडकाळ जमिनीवर चालणारी गाडी स्वतः डिझाइन करून बांधतात आणि मध्य प्रदेशात पीथमपूरच्या ट्रॅकवर नेतात. रस्त्यावरची चार तासांची शर्यत नव्हे ती. खड्डे, चिखल, उंचवटे यांतून चार तास गाडी टिकवायची असते. पण त्या शर्यतीच्या आधी जी तपासणी होते, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. रोल केजच्या पोलादात किमान किती कार्बन हवा (०.१८ टक्के) हे नियमात लिहिलेलं असतं. चालकाला पाच सेकंदांत गाडीतून बाहेर पडता आलं पाहिजे. वेल्डिंगचे नमुने द्यावे लागतात. एक जोड ताकद लावून तोडून दाखवायचा, आणि तुटायला हवा तो पाइप, जोड नव्हे. दुसरा उभा कापून वेल्ड आतपर्यंत गेलंय का ते दाखवायचं.

विचार करा, आपल्या घराच्या जिन्याचं रेलिंग तरी कुणी असं तपासून घेतो का?

एक गोष्ट मात्र खटकते. ही सगळी मेहनत करून तयार झालेली गाडी ट्रॅकवरून टेम्पोत चढते आणि कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये धूळ खात पडते. आणि तिचे अवघड जोड मारून देणारे वर्कशॉपवाले दादा टीमच्या फोटोत क्वचितच दिसतात. इंजिनिअरिंगच्या मुलाला लोड पाथ काढता येतो पण सलग टाका मारता येत नाही; आयटीआयच्या मुलाचा टाका देखणा असतो पण लोड पाथ त्याला कुणी शिकवत नाही. दोन्ही संस्था कित्येकदा एकाच रस्त्यावर असतात. देवराष्ट्रेच्या कारागिराला या दोघांपैकी कुणीच भेटलं नाही.

ब्रिटनमध्ये एकेका गाडीला मान्यता देण्याची पद्धत आहे. इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल, थोडक्यात आयव्हीए. तुम्ही गॅरेजमध्ये गाडी बांधा, फी भरा, तपासणी केंद्रावर घेऊन या. ब्रेक, दिवे, आरसे, सीटबेल्ट, धूर, आवाज, बाहेर आलेल्या टोकदार कडासुद्धा तपासतात. नापास झालात तर काय चुकलं ते लेखी मिळतं. दुरुस्त करा, पुन्हा या. ज्या गाडीचं वय ठरवता येत नाही, तिला 'क्यू'नं सुरू होणारा नंबर मिळतो, म्हणजे पुढं विकत घेणाऱ्यालाही कळतं की हे प्रकरण वेगळं आहे. तिथंही सगळं आलबेल असेल असं नाही. पण "करूच नका" आणि "कसंही करा" या दोन टोकांच्या मध्ये एक खिडकी आहे, आणि खिडकीपलीकडे तपासणारा माणूस बसलेला आहे.

आपल्याकडे अशी खिडकी उघडायला नवा कायदाही लागेलच असं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ५२ मध्येच केंद्र सरकारला बदलांसाठीचे निकष आणि मान्यतेच्या अटी ठरवण्याचा अधिकार दिलेला आहे. घरच्या जुन्या गाडीला मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसीवर नोंद होतेच की! पूर्ण बांधलेल्या गाडीसाठी नियम १२६च्या शेजारी एका गाडीपुरती वेगळी तरतूद लागेल. सवलत देणं सरकारला जमत नाही असंही नाही. २०१८ मध्ये, बाहेरच्या देशांत मान्यता मिळालेल्या गाड्या वर्षाला अडीच हजारांपर्यंत इथं पुन्हा न तपासता आणायची मुभा कंपन्यांना दिली गेली. आमची मागणी तर त्याहून साधी आहे. सूट नको, तपासा. बाहासारखीच कडक तपासणी ठेवा, वेल्डचे नमुने मागा, बांधणीचे फोटो आणि बिलं मागा, वेगावर मर्यादा घाला, वेगळ्या रंगाची नंबर प्लेट द्या.

"मग गल्लोगल्ली असल्या गाड्या निघतील," असं म्हणणारे भेटतील. उलट होईल. नुसत्या शोसाठी बांधणारा वेल्डचा नमुना कापून दाखवायला येणार नाही. तो आजही चोरून चालवतो आणि चौकात सेटलमेंट करतो. अडतो तो नियमानं जाऊ पाहणारा.

तोवर तुमच्या हातात काय आहे? मंडी डबवालीला ॲडव्हान्स पाठवण्याआधी आरसीवर नेमकी कोणती गाडी आहे आणि समोर उभी कोणती आहे ते बघा. अपघात झाला तर विमा कंपनीही तेच बघणार आहे. बांधायचंच असेल तर कॉलेजच्या बाहा टीमचा दरवाजा ठोठवा. मेकॅनिकलला नसलात तरी हिशोब, स्पॉन्सरशिप, रिपोर्ट यांना माणसं लागतातच, आणि वेल्डिंगचा मास्क एकदा घालून बघायला कुणी ब्रँच विचारत नाही. टीममध्ये असाल, तर शेजारच्या आयटीआयच्या वेल्डिंगच्या सरांना यंदा वर्कशॉपमध्ये बोलवा.

आणि रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या मसुद्यांवर लक्ष ठेवा. नियमांत बदल करायचा असला की मंत्रालय आधी मसुदा काढून हरकती-सूचना मागवतं. बाहाच्या तपासणीतून गेलेल्या एखाद्या टीमनं आपल्या रोल केजची कागदपत्रं, वेल्डच्या नमुन्यांचे फोटो आणि "ही गाडी रस्त्यावर यायला आणखी काय लागेल?" एवढा एकच प्रश्न जोडून पत्र धाडलं, तर त्याला काय उत्तर येतं ते या पानावर छापायला आम्हाला आवडेल.