पुढचं चाक वर, मागचं हवेत

लातूरच्या आमच्या कॉलनीत एक अर्धवट बांधकाम आहे. मालकाचे पैसे संपले की भावाभावांत वाजलं, देव जाणे. जोतं बांधून झालंय आणि त्यावर एक वीटही नाही. जोत्याची उंची ७० सेंटिमीटर. टेप लावून मोजलीय! गेले चार महिने माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं माप हेच आहे.

कारण मला त्यावर सायकल चढवायचीय. उचलून नाही, ढकलत नाही आणि फळी लावून तर नाहीच नाही. सायकलवर बसून... चुकलं, बसून नव्हे, कारण या सायकलला सीटच नसते. उभं राहून, पाय जमिनीला न टेकवता.

या प्रकाराला ट्रायल्स म्हणतात. मुळात हा मोटरसायकलचा खेळ. स्पेनमधल्या कॅटलोनियात पेरे पी नावाचा मोटरसायकल रायडर होता. त्याने मुलाला, ओट पीला, लहानपणीच सराव मिळावा म्हणून सायकलवर बसवलं आणि त्यातून 'ट्रायलसिन', म्हणजे मोटर नसलेलं ट्रायल, सुरू झालं. हा ओट पी पुढे वर्ल्ड चॅम्पियन झाला. सायकल ट्रायल्सच्या जागतिक स्पर्धा १९८६ पासून होतायत. पण आपल्यासारख्या ऑफिसवाल्या (आणि माझ्यासारख्या ऑफिस नसलेल्या) पब्लिकला हा खेळ कळला तो एप्रिल २००९ मध्ये. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा डॅनी मॅकअ‍ॅस्किल एडिंबरात सायकलच्या दुकानात काम करायचा. मित्राने त्याचा साडेपाच मिनिटांचा व्हिडिओ शूट करून नेटवर टाकला आणि जग येडं झालं. टोकदार गजांच्या रेलिंगवरून हा प्राणी सायकल चालवतो! मला मात्र त्याच्या सुरुवातीचा भाग जास्त आवडतो. त्याच रेलिंगवरून तो आपटतो, उठतो, पुन्हा आपटतो.

हा व्हिडिओ मला दाखवला माझ्या नांदेडच्या मित्राने. त्याला आपण नांदेडकर म्हणू. दिवसभर बँकेत लोन फाइली तपासतो आणि रविवारी सकाळी सहाला भिंतींवर चढतो. त्याच्याकडे पुण्याहून आणलेली सेकंडहँड वीस इंची ट्रायल्स सायकल आहे. पुढे १८ दात, मागे १५. इतका हलका गिअर की रस्त्यावर चालवली तर शेजारून जाणारे आजोबा पुढे निघून जातील. पण पॅडल दाबताक्षणी चाक पकड घेतं आणि सायकल उसळते.

ब्रेकची गंमत ऐका. भिंतीवर मागच्या चाकाने उतरल्यावर चाक सूतभरही फिरता कामा नये, नाहीतर तुम्ही पाठीवर. म्हणून ट्रायल्सवाले रिमची गुळगुळीत कड चक्क ग्राइंडरने खरवडतात. जगभर हेच करतात. माझ्या जुन्या गिअरच्या सायकलला तो संस्कार लातूरच्या एका वेल्डिंगवाल्या काकांनी केला. रिम हातात घेऊन ते माझ्याकडे बघत राहिले.

"ताई, चांगली रिम हाय. कामून खराब करायलाव?"

"ब्रेक लागायला, काका."

"मग ब्रेक बदला की!"

शेवटी त्यांनी खरवडून दिली. चेनखाली जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टीही ठोकून दिली. ही पट्टी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर वेळापत्रक असं ठरलं. एक रविवार आड मी पहाटेची एसटी पकडून नांदेडला जायचं. अहमदपूर, लोहा करत तीन-साडेतीन तास. तिथे नांदेडकरच्या सायकलवर शिकायचं आणि बाकीचे दिवस लातूरला माझ्या खटाऱ्यावर घोकायचं. (लातूर पॅटर्न, दुसरं काय!)

आता टेक्निक. पहिला महिना नुसतं एका जागी उभं राहणं. पुढचं चाक थोडं वाकडं, ब्रेकवर बोट, नजर समोर. मग दोन्ही ब्रेक दाबून जागच्या जागी उड्या. मग फक्त मागच्या चाकावर उड्या. मग 'किक'. मागच्या चाकावर उभं असतानाच क्षणभर ब्रेक सोडायचा, पॅडलला पाव फेरा द्यायचा, त्याच झटक्यात गुडघे सरळ करायचे आणि पुन्हा ब्रेक. यातली एक गोष्ट मागेपुढे झाली की नडगीवर पॅडलचे खिळे. फुटबॉलचे शिनगार्ड मी दुसऱ्याच रविवारी घेतले. हेल्मेट तर पहिल्या दिवसापासून.

उंची मोजायला पॅलेट. मार्केट यार्डात गोण्यांखाली असतात ना, त्या लाकडी चौकटी. जुन्या पाच मिळवल्या. एक पॅलेट साधारण १४ सेंटिमीटरची, म्हणजे पाच झाल्या की जोतं! दोन पॅलेट महिन्याभरात जमल्या. तीनला आणखी तीन आठवडे गेले. चारला मी अडकले.

कारण तीनपर्यंत मागचं चाक थेट वर नेता येतं. त्यापुढे माझ्यासारखीला 'हुक' लागतो. भिंतीसमोर मागच्या चाकावर उभं राहायचं, किक मारून उसळायचं आणि पुढचं चाक भिंतीपलीकडे टाकायचं. त्याच वेळी चेनखालची ती पट्टी भिंतीच्या कडेवर खट्कन बसली पाहिजे. आता तुम्ही त्रिशंकू. पुढचं चाक वर, मागचं हवेत लटकलेलं, मध्ये पट्टीवर सगळा भार. इथून पुढचा ब्रेक घट्ट धरायचा, छाती हँडलच्या पुढे न्यायची आणि गुडघे पोटाशी घेत मागचं चाक वर ओढायचं.

वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात छाती पुढे न्यायच्या क्षणी मेंदू म्हणतो, मागे हो! आणि मी व्हायचे. सायकल मागे यायची, मी तिच्याखाली.

"हातानं कामून वढायलीस?" नांदेडकर ओरडायचा. "कंबर आन हँडलकडं! हात नुस्ते दोऱ्या हायत!"

चौथ्या पॅलेटवर एका बुधवारी मी निम्मी वर होते. पट्टी बसली होती, फक्त पुढे झुकायचं होतं. मी थांबले. अर्धा सेकंद असेल. उजवा हात टेकून पडले. मनगट मुरगळलं, फ्रॅक्चर नाही, तीन आठवडे पट्टा. नोकरीवाल्यांनो, तुम्हाला सिक लीव्ह असते. फ्रीलान्सरला नसते! डाव्या हाताने एक लेख टाइप केला, दोन असाइनमेंट गेल्या आणि त्या महिन्याचं भाडं आईकडून घेतलं. त्या रात्री सायकल विकायची जाहिरात लिहून झाली होती. तीही डाव्या हातानेच.

आई काही बोलली नाही. तिने फक्त मामाला फोन केला. लातूर म्हणजे हरिश्चंद्र बिराजदारांचा जिल्हा. इथे प्रत्येक घरात एक तरी असा मामा असतो, ज्याने तरुणपणी तालमीत माती खाल्लीय. मामा आला, चहा प्याला, माझा पट्टा बघितला आणि म्हणाला, "पडायचं कसं, ते शिकवलं का त्यानं?"

नव्हतं शिकवलं. म्हणजे नांदेडकर म्हणाला होता, "पडशील तेव्हा सायकल सोडून दे." पण सोडायची कशी?

"आमच्याकडं पोरगं आलं की पैले महिनाभर पाडायचो त्याला," मामा म्हणाला. "डाव नंतर. पडायचं भ्याव गेल्याबिगर डाव लागत नसतो बाई."

पट्टा निघाल्यावर दोन आठवडे मी एकही पॅलेट चढले नाही. फक्त पडले. हुकपर्यंत जायचं आणि मुद्दाम सोडायचं. सायकल पुढे ढकलायची, दोन्ही पायांवर मागे उतरायचं, गुडघे वाकवायचे, हात जमिनीला लावायचा नाही. मामा खुर्ची टाकून बसायचा आणि मोजायचा. एका सकाळी बावन्न वेळा! कॉलनीतली पोरं शाळेला जाताना थांबून बघायची. त्यांना वाटायचं, ताईला हे बिलकूल जमत नाहीये.

चार पॅलेट तिसऱ्या आठवड्यात झाल्या. पाचवी त्यानंतर दहा दिवसांनी. आणि गेल्या रविवारी नांदेडकर त्याची सायकल मित्राच्या गाडीच्या डिकीत घालून लातूरला आला. पॅलेट डगमगतात, थोडं देतात. जोतं देत नाही. पट्टी दगडावर बसली तेव्हाचा आवाज दातांत गेला.

पहिल्या दहा प्रयत्नांत सोडून दिलं, दहाही वेळा पायांवर उतरले. अकराव्याला पट्टी बसली आणि मी वाट बघितली नाही. छाती पुढे, गुडघे पोटात. मागचं चाक कडेला घासत वर आलं, टेकलं, ब्रेक लागला. खरवडलेल्या रिमची किंकाळी अख्ख्या कॉलनीने ऐकली असणार. मी दोन्ही चाकांवर, जोत्यावर, कुणाच्या तरी न बांधलेल्या हॉलमध्ये उभी होते.

मामाने टाळी वाजवली नाही. "हं," म्हणाला. नांदेडकर मात्र खाली नाचत होता.

"आता उतर!"

"कशी?"

त्याचं नाचणं थांबलं. ते शिकवायचं राहिलंच होतं. मी सायकल त्याच्या हातात दिली आणि जोत्याच्या पायऱ्यांनी खाली आले.