दहा टाके, बत्तीस टक्के

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ आणि मग आणखी २५ टक्के जादा आयातशुल्क लावलं, तेव्हा तिरुपूरच्या होजिअरीच्या ऑर्डरींवरून आपल्याकडे भरपूर गदारोळ झाला. हे जादा शुल्क ज्यावर चढलं, त्या मूळ दरपत्रकाकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. जादा शुल्क राजकारणाच्या वाऱ्याबरोबर येतं-जातं. मूळ दर वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतात. बायकांच्या होजिअरी कपड्यांवरचे हे दर तर्काला धरून नाहीत. शंभर टक्के कॅश्मीरी लोकरीच्या स्वेटरवर ४ टक्के, सुती स्वेटरवर साडेसोळा आणि अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरच्या साध्या स्वेटरवर ३२ टक्के. जिला सगळ्यात स्वस्त स्वेटर परवडतो, तिच्याच कपड्यावर सगळ्यात चढा दर.

हे घडतं वर्गीकरणातून. विणीचे कपडे दरपत्रकाच्या ६१व्या प्रकरणात येतात: ड्रेस, स्कर्ट, पँट ६१०४ मध्ये, ब्लाउज-शर्ट ६१०६ मध्ये, टी-शर्ट ६१०९ मध्ये, स्वेटर-पुलओव्हर ६११० मध्ये. सीमारेषा प्रकरणाच्या टिपा आखतात. कमरेखाली खिसा असेल, खालच्या काठाला रिबचा पट्टा असेल, किंवा किमान १० बाय १० सेंटिमीटरच्या तुकड्यावर मोजताना सेंटिमीटरमागे उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी सरासरी दहापेक्षा कमी टाके भरले, तर तो कपडा ६१०६ मधून बाहेर. सुती शर्टाला ६१०६ मध्ये १९.७ टक्के लागतात, ६११० मध्ये १६.५. दहा डॉलरच्या नगावर ३२ सेंटचा फरक, तोही एका खिशामुळे. मग कपड्याला खिसा हवा की नको, हे डिझायनरच्या आधी कस्टम ब्रोकर सांगू लागला तर नवल नाही. (आणि कपडा बायकांचा की पुरुषांचा हे मुळीच ठरेना, तर टीप क्रमांक ९ प्रमाणे तो बायकांचाच.)

खरा गुंता लांबीचा आहे. सिंथेटिक धाग्याचा विणीचा टॉप आला तर ३२ टक्के. तेच कापड, तेच मशीन, पण कपडा मांडी पुरेशी झाकेल इतका लांब केला आणि ड्रेस म्हणून मान्य झाला, तर १६. कापड वाढलं आणि दर निम्म्यावर आला! पुरुषांच्या कपड्यांत असे अधलेमधले प्रकार थोडे. ट्युनिक, लाँग टॉप, शॉर्ट ड्रेस ही सगळी भानगड बायकांच्याच कपाटातली, त्यामुळे वादही तिथेच जास्त. मिश्रधाग्यात पारडं वजनावर फिरतं: कापूस जास्त भरला तर सुती, पॉलिएस्टर जास्त भरलं तर सिंथेटिक. तिरुपूरमध्ये ६०-४० च्या कापडाला ‘सीव्हीसी’ म्हणतात, त्यातला शेवटचा ‘सी’ कापसाचा. अमेरिकेला जाणाऱ्या टी-शर्टात तो कापूस जड ठेवणं म्हणजे ३२ ऐवजी साडेसोळा भरणं.

यावर पहिला आक्षेप असा की टाके मोजणं हीच न्याय्य पद्धत. अधिकाऱ्याच्या मर्जीपेक्षा फूटपट्टी बरी. मान्य. आयातदाराला नमुना पाठवून निर्णय आधीच मागवता येतो, ही तर त्या व्यवस्थेची जमेची बाजू. पण फूटपट्टीच्या दोन्ही बाजूंना दर सारखे असते, तर ती इतक्या ईर्ष्येने कुणी वाकवली नसती. दुसरा आक्षेप, रचना आंतरराष्ट्रीय आहे, एकटी अमेरिका काय करणार? रचना सहा अंकांपर्यंतच आंतरराष्ट्रीय. टक्के वॉशिंग्टन ठरवतं.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. मध्य अमेरिकेतल्या देशांशी झालेल्या करारानुसार धाग्यापासून पुढचं काम करारातल्या देशांतच झालं तर शुल्क माफ होतं. म्हणून कॅरोलिनातल्या गिरण्यांचं सूत होंडुरासला जातं, तिथे शिवलेला टी-शर्ट अमेरिकेत मूळ शुल्काविना येतो. आशियाई मालावरचा दर उतरला तर त्या गिरण्यांचं गिऱ्हाईक तुटेल, ही भीती खोटी नाही. पण संरक्षण धाग्याला द्यायचं असेल, तर टॉपमधल्या पॉलिएस्टरला ३२ आणि ड्रेसमधल्या त्याच पॉलिएस्टरला १६ हे कसं? सिंथेटिक विणीच्या सगळ्या कपड्यांना एकच दर ठेवला, अगदी १६ जरी, तरी होंडुरासचा शून्य शून्यच राहतो, आणि सूतगिरणीला मिळणारी सवलतही उरते. कोसळतो तो फक्त ट्युनिकची लांबी मोजण्याचा धंदा.