तोंड दाबून बुक्क्यांचा मार

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायकांची बैठक होती. पाठ, कंबर, डोळे, खोकला अशी दुखण्यांची नेहमीची यादी झाली. मग एक अक्का म्हणाल्या, "सकाळी उठलं की जबडा दुखतोय बघा. रात्रभर दात खाते म्हणं मी. सासू म्हणती, जंत झालेत." सगळ्याजणी हसल्या. हसणं ओसरल्यावर आणखी चौघी गालावर हात ठेवून म्हणाल्या, "माझंबी तसंच."

मोठ्या बाईच्या दात खाण्याचं मूळ पोटात शोधण्यापेक्षा मनावरच्या ताणात शोधावं. झोपेतही जबड्याचे स्नायू आवळलेले राहतात. दात झिजतात, टवके उडतात, कानापाशी कळ येते, डोकं ठणकतं. सतत धास्तीत असलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती खालावते. हिरड्या सुजतात, तोंड वरचेवर येतं. दातांची राखण करणारी लाळ कमी पडली की कीड वाढते. आणि मन थकलं की दात नीट घासायचं, दवाखान्यात जायचंही त्राण राहत नाही.

आता या बाईचा दिवस बघा. मांडीवर सूप, मान खाली आणि डोक्यात हजार विड्यांचा हिशेब. माल तपासताना किती विड्या बाजूला काढतील याची धाकधूक. यंत्रमागावर नवऱ्याला आज काम आहे, उद्या नाही. दारू मात्र रोज. उलटून बोलायची सोय कारखान्यात नाही आणि घरातही नाही. मग दात-ओठ खाऊन गप्प बसायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण आपण सहज वापरतो. इथे ती अक्षरशः खरी होते.

चहाला उठलं तर विड्या कमी होतात. मिश्रीची डबी मात्र हाताशी असते. ती भूक मारते, ठणका बधिर करते, घटकाभर बरं वाटतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. थोड्या वेळात तलफ येते आणि तलफेची बेचैनी हा नवा ताण होतो. हिरड्या दातांपासून सुटतात, कर्करोगाचा धोका वाढतो. "मिश्री सोडा" हा सल्ला बरोबरच आहे, आणि ताणाचं निमित्त सांगून आपणही ती डबी पदराआड लपवू नये. पण ही बाई मिश्री का लावते, हे विचारायला कुणाला सवड नसते. सगळा दोष तिच्या सवयीचा. हजार विड्यांच्या मजुरीचा आणि घरातल्या मारहाणीचा मात्र नाही!

१९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला. १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर बसला आणि त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरांसाठी मदत उभी राहिली. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. तेव्हापासून आपल्या आरोग्यासाठी हक्काचा असा वेगळा पैसा उरलेला नाही. म्हणून मागावं लागेल. वर्षातून एकदा वस्तीतच दातांची आणि तोंडाची तपासणी व्हावी, त्या दिवसाची मजुरी बुडू नये, आणि मनातलं ऐकून घेणारी, तेलुगू समजणारी समुपदेशक असावी. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली. २००६ साली विडी कामगार बायकांच्या हाती त्यांच्या किल्ल्या आल्या. वर्षानुवर्षं मोर्चे काढून घर मिळवणाऱ्या बायकांना ही मागणी जड नाही.

तोवर एवढं करा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गालात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा तीन बोटं उभी मावणार नाहीत इतकं तोंड आखडलेलं असेल, तर थांबू नका. सरकारी रुग्णालयात दाखवा. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट मदत मिळते. दात खाण्यासाठी दंतवैद्य रात्री दातांवर बसवायची पट्टी देतात. तिने दात वाचतात. ताण मात्र एकमेकींशी बोलूनच, आणि एकत्र येऊन भांडूनच, हलका होईल.

पुढच्या बैठकीला दातांच्या डॉक्टरीणबाईंना बोलवतो आहोत. येताना डबी घेऊन या. लपवू नका, आम्ही कुणी रागावणार नाही.