इंग्रजीच्या नाक्यावरची जकात

परदेशी विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला, किंवा परदेशी रुग्णालयात नोकरीवर रुजू होणाऱ्या परिचारिकेला इंग्रजी यावे, या अपेक्षेत वावगे काही नाही. परंतु या साध्या अपेक्षेवर गेल्या तीन-साडेतीन दशकांत एक प्रचंड धंदा उभा राहिला आहे, आणि त्याचे नवे गिऱ्हाईक आता महानगरांबाहेर, तालुक्याच्या गावांत शोधले जात आहे. हळदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले हिंगोली जिल्ह्यातील वसमत हे असेच एक गाव. आयईएलटीएस परीक्षेचे शुल्क आज सतरा हजार रुपयांच्या पुढे गेले आहे. बाजारातला साधारण भाव धरला तर क्विंटलभर हळद विकूनही ही रक्कम बहुधा पुरी पडत नाही. त्यात शिकवणीची फी, मोठ्या शहरातील परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास आणि तेथील मुक्काम मिळवावा. इतके करून हाती पडणारा निकाल दोन वर्षांत शिळा होतो. दोन वर्षांनंतर उमेदवाराचे इंग्रजी नासते, असे या परीक्षेच्या चालकांना वाटत असावे. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात ती रोग्याच्या हितासाठी. या कागदावरची मुदत नेमकी कोणाच्या हिताची आहे, हे शुल्काची पावती पाहिल्यावर कळते.

हा धंदा कोणाचा आहे तेही कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. आयईएलटीएस १९८९ साली सुरू झाली. ब्रिटिश कौन्सिल, केंब्रिज विद्यापीठाची परीक्षासंस्था आणि आयडीपी ही ऑस्ट्रेलियन कंपनी असे तिचे तीन मालक. यांपैकी आयडीपी २०१५ पासून ऑस्ट्रेलियाच्या शेअरबाजारात आहे. २०२१ साली ब्रिटिश कौन्सिलने भारतातील आपला आयईएलटीएसचा व्यवसाय याच आयडीपीला १३ कोटी पौंडांना विकला. भारतीय तरुणाच्या इंग्रजीची परीक्षा घेण्याच्या हक्काची ही बाजारातली किंमत! गंमत अशी की हीच कंपनी परदेशी विद्यापीठांना विद्यार्थी मिळवून देते आणि त्याबद्दल विद्यापीठांकडून मोबदला घेते. म्हणजे गाडीचे तिकीट विकणारा आणि फलाटाच्या दारावर प्रवाशाला अडवून त्याची लायकी तपासणारा, दोघे एकाच पेढीचे. अमेरिकेची टोफेल १९६४ पासून आहे, पिअर्सन कंपनीची पीटीई २००९ मध्ये आली. स्पर्धा वाढली की भाव उतरतो, असे भांडवली अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक सांगते; तसे येथे काही घडल्याचे दिसत नाही.

यावर सांगितले जाते की, परीक्षा शास्त्रशुद्ध आहे आणि तिची पातळी ज्ञानाच्या गरजेवरून ठरते. या शास्त्राचा थोडा इतिहास पाहू. ब्रिटनमध्ये परदेशी परिचारिकेला नोंदणीसाठी श्रवण, वाचन, लेखन व संभाषण या चारही विभागांत सात गुण आवश्यक होते. परिचारिकांचा तुटवडा जाणवू लागला तेव्हा, २०१८ च्या अखेरीस, लेखनाची अट साडेसहावर आणली गेली. रोग्याची शुश्रूषा त्या वर्षी अचानक सोपी झाली होती काय? उलट, स्थलांतरितांविरुद्ध ओरड वाढताच ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ मध्ये विद्यार्थ्यांसाठीची अट साडेपाचवरून सहावर नेली, आणि ब्रिटनने जानेवारी २०२६ पासून कुशल कामगारांसाठी इंग्रजीची पातळी एका पायरीने वर चढवली. मजूर हवे असतील तेव्हा उंबरा खाली, नको असतील तेव्हा वर. यात भाषाशास्त्र किती आणि मजुरांच्या बाजाराचा हिशेब किती, हे सांगायला कोणा प्राध्यापकाची गरज नाही. आणखी एक नमुना पाहावा. ब्रिटनच्या व्हिसासाठी जमैका, त्रिनिदाद, गयाना येथील नागरिकांना इंग्रजीच्या पुराव्याची सूट आहे. मेकॉलेने १८३५ साली ज्या देशाच्या शिक्षणाची दिशा इंग्रजीकडे वळवली, त्या भारताच्या नागरिकाला ती नाही. त्याने पदवी इंग्रजीतून घेतली असली तरी तिच्या पडताळणीसाठी वेगळे शुल्क भरायचे.

आणि ज्या कंपन्यांच्या हाती हा न्याय सोपवला आहे, त्यांचा न्याय कसा असतो? २०१४ साली बीबीसीने ब्रिटनमधील काही केंद्रांवर टोइक या परीक्षेला तोतये बसवले जात असल्याचे उघड केले. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या अमेरिकन संस्थेने मग ५८,४५८ निकाल तपासले आणि त्यांतील ९७ टक्के संशयास्पद ठरवले. त्यावर विसंबून ब्रिटनच्या गृहखात्याने हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले. त्यांत भारतीय उपखंडातील मुले मोठ्या संख्येने होती. फसवणूक झाली होती हे खरेच. परंतु निर्दोष मुले किती भरडली गेली याचा तपास गृहखात्याने केलाच नाही, हे ब्रिटनच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ साली नमूद केले. अनेकांना वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. व्यवस्था ज्यांची होती त्यांचा धंदा मात्र चालूच राहिला.

आता वसमतकडे वळू. महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून शिकवण्याचा निर्णय २००० साली झाला. त्यानंतर शाळेत गेलेला मुलगा बारावीपर्यंत बारा वर्षे इंग्रजी हा विषय शिकतो, पुढे पदवीलाही शिकतो, आणि तरीही दोन वाक्ये निर्धास्तपणे बोलण्यासाठी त्याला खाजगी वर्गाची पायरी चढावी लागते. हा दोष मुलाचा नव्हे. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता सोपवायच्या, त्याला निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामाला जुंपायचे, आणि मग जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी येत नाही म्हणून खाजगी संस्थांना दारे उघडायची, हे शासनाचे ठरलेले धोरण आहे. खाजगी वर्ग तरी काय देतो? तो भाषा शिकवीत नाही, परीक्षा शिकवतो. आलेखाचे वर्णन दीडशे शब्दांत, निबंध अडीचशे शब्दांत, दोन्ही मिळून एक तास. त्यासाठी ठरलेल्या वाक्यांचे साचे पाठ करून घेतले जातात. संभाषणाच्या दहा-पंधरा मिनिटांत कोणत्या विषयावर कसे हसून बोलावे, याचीही तालीम होते. ज्या घरात पुस्तके, प्रवास, चित्रपट आणि इंग्रजी बोलणारे पाहुणे आहेत, त्या घरातल्या मुलीला ही तालीम जन्मापासून फुकट मिळालेली असते. हळद शिजवण्याच्या कढईपाशी आईबापांना हात लावणाऱ्या मुलीला ती विकत घ्यावी लागते, तीही कर्ज काढून. परीक्षकाला दोघींतला फरक फक्त अर्ध्या गुणाचा दिसतो.

येथे चळवळीतील दोन जुन्या भूमिकांचा विचार अपरिहार्य आहे. पहिली, डॉ. लोहियांच्या ‘अंग्रेजी हटाओ’ची. इंग्रजी हे मूठभरांच्या सत्तेचे हत्यार आहे, हे लोहियांचे निदान अचूक होते. पण हटवण्याची घोषणा ऐकत असतानाच वरच्या वर्गाने आपली मुले इंग्रजी शाळांत घातली, आणि हटली ती केवळ गरिबांच्या शाळेतली चांगली इंग्रजी. जोतीराव फुल्यांना हे शंभर वर्षे आधी उमगले होते. इंग्रजी विद्या शूद्रातिशूद्रांपर्यंत पोहोचावी हा त्यांचा आग्रह होता. डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. दुसरी भूमिका अशी की, परदेशी जाणे ही मध्यमवर्गाची हौस आहे, पक्षाने तिकडे लक्ष देण्याचे कारण नाही. ही भूमिका आज मराठवाड्यात कोणी मांडू नये. कोरडवाहू शेतीच्या आणि रिकाम्या कारखानदारीच्या या मुलखात परिचारिकेची पदविका घेतलेल्या मुलीने काम कोठे शोधावे, याचे उत्तर आधी द्यावे.

मराठवाड्याला तर हा अनुभव नवा नाही. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. वसमतच्या मराठी मुलाला निजामी राज्यात वर चढायचे तर दरबाराच्या भाषेचा नाका ओलांडावा लागे. उर्दू भाषेचा त्यात अपराध नव्हता. गोड भाषा आहे ती. अपराध होता एका भाषेला जकातनाका करण्याचा. त्या राज्याविरुद्ध प्राण देणाऱ्या हुतात्मा बहिर्जींच्या नावाने आज वसमतला महाविद्यालय आहे. गाव निजामाच्या अमलातून १९४८ मध्ये सुटले. नाक्यावरचा कारकून तेवढा बदलला.

शासनाला यात काही करता येत नाही, हे म्हणणे खोटे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हा जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाचा खर्च राज्याने उचलण्याचे ठरले. जर्मन मालकांना माणसे हवी होती म्हणून तिजोरी उघडली. मग वसमतच्या मुलीला इंग्रजी हवे असेल तर ती बंद का? केरळ सरकारच्या नोर्का संस्थेने परदेशी भाषांची स्वतःची प्रशिक्षण संस्था काढली असून दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जातीजमातींच्या उमेदवारांना तेथे फी नाही. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती हाती येते प्रवेश पक्का झाल्यावर. त्याआधीचा परीक्षेचा खर्च ज्याच्याजवळ नाही, त्याचा अर्ज मुळात लिहिलाच जात नाही, आणि लिहिला न गेलेला अर्ज सरकारी अहवालात कोठेच मोजला जात नाही.

म्हणून हिंगोली जिल्ह्यातील शाखांनी हा प्रश्न हाती घ्यावा. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीवर खर्च करतात. त्याच यादीत इंग्रजी प्रावीण्य परीक्षेचे शुल्क आणि तालुक्याच्या महाविद्यालयातील मोफत सायंवर्ग घालण्याची मागणी करावी. पहिल्या परीक्षेची पावती दाखवताच शुल्क परत मिळावे, निकाल काहीही लागो. आणि हे चालू असताना जिल्हा परिषदेच्या शाळांतील रिकाम्या जागा किती, त्यांत इंग्रजी शिकवू शकणारे शिक्षक किती, याची गावनिहाय यादी तयार करून ती पंचायत समितीच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवावी.