मूमिनांना वर्तमानपत्राने बिघडवले नाही

पुस्तकातली लाडकी पात्रे वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत आली की बालसाहित्यावर जीव असणारी माणसे हळहळतात. पुस्तकात एक निवांतपणा असतो, रोजच्या पट्टीत तो टिकत नाही. रोज हसवायचे म्हटले की पात्राचा विदूषक होतो, असे त्यांचे म्हणणे. फिनलंडच्या टूव्हे यान्सनने आपल्या मुलांच्या पुस्तकांतले मूमिन कुटुंब लंडनच्या 'ईव्हनिंग न्यूज' या वर्तमानपत्राला चित्रमालिकेसाठी दिले, त्याबद्दलही हाच सूर मी ऐकला आहे. मला तो मुळीच मान्य नाही.

आधी क्रम पाहू. पुस्तके गाजली आणि मग त्यांच्या नावावर पट्टी काढली, असे घडलेलेच नाही. मूमिनांचे पहिले पुस्तक 1945 चे, धूमकेतूचे दुसरे 1946 चे. 1947 मध्येच हेलसिंकीच्या 'न्यू तीद' या स्वीडिश भाषेतल्या वर्तमानपत्रात धूमकेतूची कथा चित्रमालिका होऊन आली. मूमिनांना जगात नाव मिळवून देणारे तिसरे पुस्तक 1948 चे. म्हणजे पुस्तक आणि पट्टी एकाच अंगणात वाढलेली भावंडे आहेत.

दुसरा आक्षेप पैशाचा. होय, टूव्हेला पैसा हवा होता. ती चित्रकार होती आणि चित्रांवर घर चालत नव्हते. लंडनच्या पट्टीसाठीच्या सात वर्षांच्या करारामुळे पोटाची चिंता मिटणार होती. ज्या कलावंताचे भाडे कोणी भरत नाही, त्याला पैसा घेतल्याचा दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

मुलांची वस्तू मोठ्यांच्या हाती गेली, हा आक्षेप त्याहून वजनदार. पण 1952 मध्ये लंडनहून वर्तमानपत्राच्या वतीने चार्ल्स सटन यांनी तिला पत्र लिहिले, तेव्हाच पट्टी मुलांसाठीच असावी असा आग्रह नसल्याचे आणि तथाकथित सुधारलेल्या जगण्याची तीत खिल्ली उडवता येईल असे सुचवले होते. तिने ते मनापासून घेतले. रिव्हिएराची गोष्ट घ्या. मूमिन कुटुंब उंची हॉटेलात उतरते. मूमिनपप्पा तिथल्या बड्या लोकांत रमतो. मूमिनमम्माला मात्र तो थाट मानवत नाही. ती आणि मुलगा मूमिन समुद्रकाठी उलट्या पडलेल्या होडीखाली बिऱ्हाड थाटतात. पुस्तकांतल्या मूमिनमम्माच्या स्वभावाला यात कुठे धक्का लागला? जिथे आसरा मिळेल तिथे घर करणारी ती, हॉटेलसमोर उभी केल्यावर उलट अधिकच ठसठशीत दिसली.

शिवाय चित्राकडे नीट पाहा. दोन चौकटींमधली रेघ टूव्हे बऱ्याचदा रेघ म्हणून काढतच नाही. तिथे झाडाचे खोड येते, खांब येतो, प्रसंगातलीच एखादी वस्तू येते. चौकट संपते आणि गोष्ट चालू राहते. ही करामत पुस्तकाच्या पानावर सुचण्याचे कारणच नव्हते. ती पट्टीच्या अरुंद जागेने तिच्याकडून काढून घेतली. म्हणूनच मी पट्टीला वेगळा साहित्यप्रकार मानतो. पुस्तकाचे तुकडे पाडून भरलेली पट्टी फसते, तिच्यासाठी नव्याने रचलेली गोष्ट तरते. आपला 'चिंटू' 1991 पासून 'सकाळ'मध्ये रुजला तो याच कारणाने: तो जन्मलाच पट्टीसाठी.

एक गोष्ट मात्र मी विरोधकांना देतो. आठवड्याला सहा पट्ट्यांचा रगाडा माणसाला पिळून काढतो. 20 सप्टेंबर 1954 ला सुरू झालेली ही पट्टी ऐन भरात सुमारे 40 देशांतल्या 120 दैनिकांत छापली जात होती. ती लिहिता-काढताना टूव्हे थकली, आणि करार संपताच 1959 मध्ये तिने हात काढून घेतला. तिचा भाऊ लार्स आईकडून रेखाटन शिकला आणि त्याने 1975 पर्यंत पट्टी चालवली. दोष असेल तर तो त्या वेठीचा.

पट्टीने तिची प्रतिभा आटली म्हणावे, तर 1957 साल आडवे येते. पट्टी चालू असतानाच तिने हिवाळ्याची कादंबरी लिहिली. सगळे घर गाढ झोपेत, आणि एकटा मूमिन बर्फात जागा झालेला. तिच्या सर्वांत खोल, सर्वांत निःशब्द पुस्तकांपैकी हे एक.

तेव्हा निकाल देण्याआधी एवढे करा: ती कादंबरी आणि रिव्हिएराची पट्टी एकाच आठवड्यात वाचा.